२५ ओव्या, सहा संध्याकाळी: नाशिकमधला फिलेमोनच्या पत्राचा अभ्यासवर्ग

शरणपूर रोडच्या परिसरात एका चर्चच्या सभागृहात बायबलच्या नव्या करारातल्या फिलेमोनच्या पत्राचा अभ्यासवर्ग भरतो. आठवड्यातून एक संध्याकाळ, दीड तास, असे सहा आठवडे. ख्रिस्ती प्रेषित पौलाच्या नावावर असलेल्या तेरा पत्रांत हे सर्वांत लहान. एकच अध्याय, २५ ओव्या, मूळ ग्रीकमध्ये साडेतीनशेच्या आत शब्द. मराठीत सावकाश मोठ्याने वाचलं तरी चार-पाच मिनिटांत संपतं. एवढ्याशा मजकुराला नऊ तास कशाला, असं नाव नोंदवताना कुणालाही वाटेल. नऊ तास लागतात, आणि वर्ग त्यांतले बरेचसे कारणी लावतो. पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या संध्याकाळी जे हाती लागतं ते एकट्याने वाचून सहसा लागत नाही. चौथी संध्याकाळ मात्र पत्र सोडून भलतीकडे जाते. ती कुठे वळते हे आधीच ठाऊक असलं तर वर्गाचा उपयोग अधिक होईल, म्हणून हे तपशिलाने लिहीत आहोत.

पत्राचा प्रसंग असा. पौल कैदेत आहे. फिलेमोन हा त्याच्यामुळे विश्वासात आलेला सधन गृहस्थ, त्याच्या घरी मंडळी जमते. अनेसिम हा फिलेमोनचा गुलाम. तो कैदेतल्या पौलापर्यंत पोहोचला, तिथे त्याने विश्वास धरला आणि पौलाच्या हाताशी राहिला. आता पौल त्याला मालकाकडे परत पाठवतो आहे आणि सोबत हे पत्र देतो आहे. फिलेमोन कलस्सै या नगराचा, हे खुद्द या पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. ते कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायावरून जुळवावं लागतं. तिथे नवव्या ओवीत अनेसिम हा त्यांच्यातलाच एक म्हणून येतो आणि सतराव्या ओवीत अर्खिप्पाला निरोप आहे, आणि अर्खिप्पाचं नाव फिलेमोनच्या पत्रातही आहे. त्यामुळे वर्गाला येताना नव्या कराराची सुटी प्रत आणली तरी चालेल, पण मोबाइलवर एकच अध्याय उघडून बसण्यात अर्थ नाही. कलस्सैकरांस पत्राचे तिसरा आणि चौथा हे अध्याय सारखे उलटून पाहावे लागतात.

पहिल्या संध्याकाळी व्याख्यान नाही, फक्त वाचन. पहिलं वाचन पेन खाली ठेवून. दुसऱ्या वाचनाला प्रत्येकाने ‘तू’खाली एक रेघ आणि ‘तुम्ही’खाली दोन रेघा ओढायच्या. काम शाळकरी वाटतं, पण पत्राची सगळी बांधणी त्यातून वर येते. पहिल्या तीन ओव्या सगळ्यांना उद्देशून आहेत: फिलेमोन, भगिनी अप्फिया, सहसैनिक अर्खिप्प आणि घरातली मंडळी. चौथ्या ओवीपासून एकविसाव्या ओवीपर्यंत पौल एकट्या फिलेमोनशी बोलतो. बाविसाव्या ओवीत मध्येच पालट होतो. उतरायची जागा ‘तू’ तयार ठेव, ‘तुमच्या’ प्रार्थनांमुळे माझं येणं घडेल अशी आशा आहे. शेवटचा आशीर्वाद पुन्हा सगळ्यांना. म्हणजे मधल्या अठरा ओव्या बोलल्या एका माणसाशी, पण ऐकल्या साऱ्या घराने.

या सरावात दोन ठिकाणी लोक अडखळतात. सहाव्या ओवीत काही प्राचीन हस्तलिखितांत ‘आपल्यामध्ये’ आहे तर काहींत ‘तुमच्यामध्ये’. त्यामुळे शेजारच्याच्या प्रतीत वेगळं दिसलं तर गोंधळू नये, दोन्ही पाठ जुने आहेत. दुसरं, आपल्या आवृत्तीत फिलेमोनला आदरार्थी ‘तुम्ही’ म्हटलं असेल तर रेघांचा सराव फसतो. घरून निघण्यापूर्वी आठवी ते दहावी ओवी पाहून घ्यावी आणि तिथे एकवचन नसेल तर दुसरी आवृत्ती आणावी.

तिसरं वाचन बसण्याची जागा बदलून होतं. एक जण फिलेमोन होऊन मध्ये बसतो, शेजारी अप्फिया आणि अर्खिप्प, भोवती मंडळी, आणि दाराशी उभा अनेसिम. कलस्सैकरांस पत्रात तो पौलाचा निरोप्या तुखिक याच्याबरोबर येतो असं आहे, तेव्हा हे पत्र वाचलं जात असताना तो तिथेच उभा असणं अगदी संभवनीय आहे. शिक्षक इथे एक प्रश्न टाकून गप्प बसतात: या घरात आणखी गुलाम असतील, ते काय ऐकत आहेत? त्यानंतरची दहा मिनिटं संपूर्ण वर्गातली सर्वांत मोलाची म्हणावी लागतील. खासगी चिठ्ठी म्हणून वाचलेलं पत्र आणि भरल्या घरात वाचलेलं पत्र यांचा अर्थ एक उरत नाही. पौल फिलेमोनकडे शब्द टाकतो आहे, आणि तो चारचौघांत टाकतो आहे.

भीड कशी घातली आहे तेही याच संध्याकाळी दाखवलं जातं. पौल स्वतःला प्रेषित म्हणवत नाही, बंदिवान म्हणवतो. सातव्या ओवीत फिलेमोनने पवित्र जनांच्या जिवाला विसावा दिल्याची स्तुती आहे आणि विसाव्या ओवीत तोच विसावा पौल स्वतःसाठी मागतो. आज्ञा करण्याचा अधिकार असल्याचं आठव्या ओवीत सांगून नवव्यात तो बाजूला ठेवतो. अनेसिमचं नाव थेट दहाव्या ओवीत येतं, तोवर ऐकणाऱ्याचं मन तयार झालेलं असतं. एकविसाव्यात ‘सांगतो त्यापेक्षा अधिक करशील’ आणि लगेच बाविसाव्यात ‘मी उतरायला येईन’. काय केलंस ते पाहायला मी येणार आहे, हे त्यात न बोलता सांगितलं आहे. पौलाची ही रीत काहींना प्रेमळ वाटते, काहींना कोंडीत पकडणारी. शिक्षक दोन्ही मतं फळ्यावर राहू देतात, हे योग्यच.

दुसरी संध्याकाळ हिशेबाची. अठराव्या आणि एकोणिसाव्या ओवीत पौल निखळ व्यापारी भाषेत बोलतो. त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावे मांड. मी पौल हे स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. हा नुसता जिव्हाळा नव्हे, स्वतःच्या अक्षरातली हमी आहे. तिच्याच पाठीला पाठ लावून तो आठवण देतो की तू स्वतः मला देणं लागतोस. वर्गात प्रत्येकाला एक कागद मिळतो. त्यावर पौल, फिलेमोन आणि अनेसिम अशी तीन खाती आणि प्रत्येकाला जमा व नावे अशा दोन बाजू. नियम एकच: ओवीचा क्रमांक दिल्याशिवाय एकही नोंद करायची नाही.

हा नियम किती आवश्यक आहे ते पाच मिनिटांत कळतं. बहुतेक कागदांवर अनेसिमच्या नावे पहिली नोंद ‘चोरी’ अशी पडते. क्रमांक विचारला की अठरा. पण अठराव्या ओवीत ‘जर’ आहे. चोरीचा उल्लेख पत्रात नाही, पळून गेल्याचाही नाही. पंधराव्या ओवीत तो थोडा काळ दूर झाला एवढंच आहे. चोर आणि पळपुटा हे चित्र पुढच्या उपदेशांतून पक्कं झालं. चौथ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास योहान ख्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाने या पत्रावर दिलेली प्रवचनं त्यांत ठळक आहेत. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये हीच गोष्ट ऐकलेली असल्याने ती खोडताना लोकांना जड जातं. शिक्षक खोडायला लावतात आणि त्या जागी ‘काही असल्यास’ असं लिहायला सांगतात.

पुढच्या नोंदी अशा. तेराव्या ओवीत अनेसिमने कैदेत पौलाची जी सेवा केली ती ‘तुझ्याऐवजी’ असं म्हटलं आहे, म्हणजे ती फिलेमोनच्या खात्यात जमा आणि पौलाच्या नावे. एकोणिसाव्यात फिलेमोनच्या नावे त्याचं अवघं अस्तित्व. अठराव्यात अनेसिमचं असेल ते देणं उचलून पौलाच्या नावे. बाविसाव्यात राहण्याची जागा. अकराव्या ओवीतली पूर्वी निरुपयोगी, आता उपयोगी ही नोंद कुठे घालायची यावर वाद होतो आणि तो होऊ द्यावा, कारण तिथे माणसाची किंमत मालकाच्या उपयोगावरून ठरते आहे.

इथे वर्ग एक मोठी संधी दवडतो. कागदावर अनेसिमच्या जमेची बाजू कोरीच राहते. ओवीचा क्रमांक देता येत नाही म्हणून ती कोरी, हे नियमाला धरूनच आहे. पण त्या कोऱ्या रकान्यावर एक वाक्यही न बोलता शिक्षक पुढे जातात. अनेसिमने वर्षानुवर्षं बिनमोल कष्ट केले असणार आणि त्याची नोंद पत्र लिहिणाऱ्याने केली नाही, घेणाऱ्याने तर नाहीच. पत्राचे विषय समजून घ्यायचे तर ते ज्यावर बोलत नाही तेही पाहावं लागतं. कागद जपून ठेवा आणि पाचव्या संध्याकाळी सोबत न्या.

तिसरी संध्याकाळ माहितीची आहे आणि वर्गात वाटलेला चार पानी मजकूर एवढा नेटका आहे की ती चुकली तरी पानं वाचून भरून निघेल. अनेसिम पौलाकडे का गेला याबद्दलची तीन मतं त्यात आहेत. पहिलं, तो पळाला. दुसरं, मालकाशी बिनसल्यावर मध्यस्थी करायला तो मालकाच्या स्नेह्याकडे गेला. रोमन कायदेपंडित प्रोक्युलसचं मत पुढे रोमन कायद्याच्या संहितेत नोंदलेलं आहे, त्यानुसार अशा हेतूने गेलेला गुलाम फरारी धरला जात नव्हता. तिसरं, त्याला फिलेमोनने किंवा मंडळीने मदतीसाठी पाठवलं होतं आणि तो तिथेच रेंगाळला. दुसरं मत पत्राच्या सुराशी सर्वांत जुळतं असं आम्हांला वाटतं. पौल कुठेही फरारीपणाचा बचाव करत नाही, तो नातं पूर्ववत करण्यापेक्षा नव्याने बांधायला निघाला आहे.

पौलाची कैद कुठली हाही मुद्दा त्यातच येतो. परंपरा रोम म्हणते, म्हणजे साधारण इ.स. ६० ते ६२. इफिस (आजच्या तुर्कस्तानातलं, कलस्सैजवळचं मोठं शहर) म्हटलं तर काळ पन्नाशीच्या दशकाच्या मध्याकडे सरकतो. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचं कैसरीया हे तिसरं नाव. इफिसपासून कलस्सै हे नाशिकहून मुंबईला जाण्यापेक्षा थोडंसंच लांब, पायी आठवडाभराचा रस्ता. रोमहून यायचं तर समुद्र ओलांडून मोठा प्रवास. ‘माझ्यासाठी खोली तयार ठेव’ हे वाक्य इफिसहून लिहिलं असेल तर खरोखरच्या भेटीची सूचना ठरतं. वर्गात वाटलेल्या नकाशावर मात्र फक्त रोमची रेघ आहे. मजकूर तीन शक्यता सांगतो आणि नकाशा एकच दाखवतो, तेव्हा लक्षात नकाशा राहतो. तो बदलला पाहिजे.

चौथ्या संध्याकाळचा विषय ‘क्षमा’. घोडं पेंड खातं ते इथेच. दीड तासात बोललेलं जवळजवळ सगळं स्वतंत्र उपदेश म्हणून चांगलं आहे, पण ते या पत्राचं नाही. २५ ओव्यांत क्षमा कर अशी विनंती एकदाही नाही. अनेसिमने पश्चात्ताप केला, तो रडला, पाया पडला, असंही नाही. विनंती आहे ती सतराव्या ओवीत: तू मला भागीदार समजत असशील तर त्याचा स्वीकार माझ्यासारखाच कर. आदल्या ओवीत तो स्वीकार कसा हे सांगितलं आहे: दास म्हणून नव्हे, दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून, देहाने आणि प्रभूमध्येही. पत्राचा गाभा भागीदारी आणि स्वीकार हा आहे. सहाव्या ओवीतली विश्वासाची सहभागिता सतराव्यात प्रत्यक्ष भागीदारीचा दावा होऊन परत येते.

हा फरक कीस काढण्यासाठी सांगत नाही. क्षमेचा विषय घेतला की वर्गाच्या मनात चित्र आपोआप ठरतं: अपराधी गुलाम आणि क्षमाशील मालक. मग ज्याची मालकी आहे तो उदार ठरतो आणि जो विकत घेतलेला आहे त्याच्यावर उपकाराचं ओझं येतं. कुणी कुणाची क्षमा मागायला हवी हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. घरकाम करणाऱ्या बाईला किंवा मजुराला मालकाने ‘माफ’ करण्याची उदाहरणं त्या संध्याकाळी दिली जातात तेव्हा पत्राचा रोख उलटा होतो. ही उदाहरणं काढून टाकावीत अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

उपदेशाची ही वाट कुठून आली तेही सांगितलं पाहिजे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरने या पत्राच्या प्रस्तावनेत आपण सगळेच अनेसिम आहोत असं मांडलं. ख्रिस्ताने जे आपल्यासाठी केलं ते पौल इथे अनेसिमसाठी करतो. अठराव्या-एकोणिसाव्या ओवीवर आधारलेली ही मांडणी सुंदर आहे आणि ती शिकवावी. पण ती पत्राच्या एका अंगाची उपमा आहे. तिला पुरं पत्र समजलं की फिलेमोनकडे केलेली मागणी नाहीशी होते, कारण आपण सगळेच अनेसिम झालो तर फिलेमोन कुणी व्हायचं?

चौथी संध्याकाळ सुधारायचा उपाय हाताशी आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या सुमारास रोमन लेखक धाकट्या प्लिनीने साबिनियानस नावाच्या स्नेह्याला लिहिलेलं एक छोटं पत्र उपलब्ध आहे. साबिनियानसचा एक मुक्त केलेला गुलाम प्लिनीच्या पायांवर येऊन पडला, रडला, पस्तावला. प्लिनी त्याच्यासाठी रदबदली करतो, तो तरुण आहे, त्याने अश्रू ढाळले आहेत, राग आवर, असं सांगतो. क्षमा मागणारं पत्र कसं असतं याचा हा नमुना. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वीस मिनिटं वाचली तरी कळेल की पौल काय मागत नाही आहे. प्लिनी मालकाला मालक ठेवून सौम्य व्हायला सांगतो. पौल घरातलं नातंच बदलायला सांगतो.

पाचव्या संध्याकाळसाठी मात्र या वर्गाचं मनापासून कौतुक करावं लागेल. गुलामगिरीचा प्रश्न सरळ समोर ठेवला जातो. पौल ‘त्याला मुक्त कर’ असं शब्दांत म्हणत नाही. एकविसाव्या ओवीतलं ‘अधिक’ म्हणजे मुक्तता, असं अनेक अभ्यासक मानतात, तरी ते अनुमान आहे आणि वर्गात ते अनुमान म्हणूनच सांगतात. कलस्सै ३:२२ ते ४:१ मध्ये दासांना आज्ञापालन सांगितलं आहे, ते वगळलं जात नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (२३:१५-१६) आश्रयाला आलेला दास मालकाच्या हवाली करू नये अशी आज्ञा आहे, तीही वाचली जाते, आणि पौलाने ती का पाळली नाही हा प्रश्न मोकळा सोडला जातो. अमेरिकेत १८५० च्या फरारी गुलाम कायद्याच्या काळात हेच पत्र पळालेल्यांना परत पाठवण्याच्या बाजूनेही वापरलं गेलं आणि सोळावी ओवी पुढे करून विरोधातही. जॉर्जियातले पाळक चार्ल्स कोलकॉक जोन्स यांनी १८३० च्या दशकात गुलामांसमोर या पत्रावरून उपदेश करताना पळून जाण्याचा निषेध केला, तेव्हा निम्मे श्रोते उठून चालते झाले, असं त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे. उठून गेलेल्या त्या माणसांनी पत्राची बाजू ओळखली होती की फक्त उपदेशकाची, यावर वर्गात झालेली चर्चा वरच्या दर्जाची होती.

मग विषय शरणपूरला येतो. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ ही ख्रिस्ती वसाहत उभारली, डब्ल्यू. एस. प्राइस हे तिचे प्रमुख मिशनरी. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईमार्गे इथे आणली गेली. ती इथे शिकली, सुतारकाम, लोहारकाम असे हुन्नर त्यांना शिकवले गेले. १८६६ मध्ये प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेलेल्यांत नाशिकचे नऊ जण होते. पुढे इथूनच गेलेला जेकब वेनराइट लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या दिवसांत तिथे होता, मृतदेह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये झालेल्या दफनविधीला शवपेटीसोबत होता. १८७४-७५ च्या सुमारास नाशिकचे बरेच आफ्रिकी ख्रिस्ती मोंबासाजवळच्या फ्रियर टाउनला गेले.

ज्या रस्त्यावर वर्ग भरतो त्याच्या नावातच हा इतिहास आहे, तरी शिकायला येणाऱ्या बहुतेकांना तो नवा असतो. शिक्षक त्याचा अभिमानाचा प्रसंग करून सोडत नाहीत. ते सोळाव्या ओवीचे दोन भाग फळ्यावर लिहितात, ‘प्रभूमध्ये’ आणि ‘देहाने’, आणि विचारतात की शरणपूरच्या मुलांच्या वाट्याला दोन्ही आले का. गुलामीतून सुटका झाली, बाप्तिस्मा झाला, शिक्षण मिळालं. पण नावं दुसऱ्यांनी ठेवलेली, जायची ठिकाणं दुसऱ्यांनी ठरवलेली. दुसऱ्या संध्याकाळचा हिशेबाचा कागद पुन्हा काढायला हवा तो इथे. अनेसिमच्या कोऱ्या रकान्यात आता काय लिहावंसं वाटतं हे विचारलं तर ही संध्याकाळ आणखी उंच जाईल. सध्या कागद घरीच राहतात.

काळाराम मंदिर सत्याग्रहाचा उल्लेखही याच ओघात येतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला हा लढा देवापुढे बरोबरीचा होता आणि माणसांमध्येही. ‘प्रभूमध्ये’ आणि ‘देहाने’ ही जोडी नाशिककरांना समजावण्याइतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही, आणि चर्चमधल्या जातीबद्दल बोलायची वाटही त्यातून मोकळी होते. पण पाच मिनिटांत गुंडाळल्यामुळे एक महत्त्वाचा फरक निसटतो. काळारामाच्या दाराशी उभी राहिलेली माणसं स्वतः बोलत होती. पत्रात अनेसिमचा एकही शब्द नाही. त्याच्या वतीने सगळं पौल बोलतो, निर्णय फिलेमोनचा, आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे तो दाराशी उभा. हा फरक मांडल्याने पत्राची किंमत कमी होत नाही. उलट पौलाने जे साधलं आणि जे त्याच्या हातून राहिलं, ती दोन्ही स्पष्ट दिसतात.

सहाव्या संध्याकाळी प्रत्येकाने फिलेमोनचं उत्तर लिहायचं. एक पान, आणि सतरा, अठरा व एकवीस या तीन ओव्यांना उत्तर दिलंच पाहिजे. चौथ्या संध्याकाळचा परिणाम इथे दिसतो. बहुतेक उत्तरं ‘मी त्याला क्षमा केली’ने सुरू होतात आणि अनेसिम आता घरात कुठे बसतो, जेवतो कुणाबरोबर, त्याला मजुरी मिळते का, यावर एक ओळ नसते. फिलेमोनऐवजी अप्फियाचं किंवा अनेसिमचं पत्र लिहायची मुभा दिली जाते, ती जरूर घ्यावी. ती उत्तरं हटकून अधिक नेमकी उतरतात. पुढे काय झालं यासाठी दुसऱ्या शतकाच्या आरंभीचे बिशप अंत्युखियाच्या इग्नाशियसने इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा दाखला देतात. त्यात अनेसिम नावाचे बिशप आहेत. तोच हा, असं ठामपणे सांगता येत नाही, कारण ते नाव गुलामांत सर्रास होतं. शिक्षकांनी तसं स्पष्ट म्हटलं, हे चांगलं झालं.

आता व्यवहाराचं. फी नाही, झेरॉक्सचे पैसे तेवढे गोळा करतात. मंडळीचा सभासद असण्याची अट नाही, ख्रिस्ती असण्याचीही नाही, आणि बाहेरून आलेल्यांना कुणी अवघडू देत नाही. एक प्रचलित मराठी आवृत्ती आणि एक सोप्या मराठीतली अशा दोन आणाव्यात, शेजाऱ्याबरोबर वाटून घेतल्या तरी चालतं. हिशेबाचा कागद ए-फोर आकाराचा आहे, तीन खात्यांना तो अपुरा पडतो, आडवा धरून लिहावं. सभागृहात मागच्या रांगेत फळा दिसत नाही आणि पंख्यांच्या आवाजात वाचन ऐकू येत नाही, म्हणून पुढच्या तीन रांगांत बसावं.

कॅथलिक मंडळींना एक विशेष सूचना. रविवारच्या मिस्सेत हे पत्र तीन वर्षांच्या चक्रात क वर्षाच्या सामान्य काळातल्या २३ व्या रविवारी येतं, आणि वाचल्या जातात त्या ९, १० आणि १२ ते १७ एवढ्याच ओव्या. हिशेबाच्या अठरा आणि एकोणीस कानांवर पडतच नाहीत. त्यामुळे दुसरी संध्याकाळ त्यांच्यासाठी सर्वांत नवी ठरेल.

सहाही संध्याकाळी जमणं शक्य नसेल तर पहिली, दुसरी आणि पाचवी धरावी, तिसरीची पानं मागून घ्यावीत. पहिली चुकली असेल तर दुसरीला थेट येऊ नये, कारण कोण कुणाशी बोलतं आहे हे रेघा ओढून कळलेलं नसलं तर खाती चुकीची भरली जातात. अशा वेळी घरी कुणाला तरी समोर बसवून पत्र दोनदा मोठ्याने वाचावं, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ खाली रेघा ओढाव्यात आणि मगच यावं.